सुनेच्या हातची बिट

मार्गशीर्षात आभाळ आलं आणि चार दिवस हललंच नाही. युसूफ वडगावच्या शिवारात तुरी ऐन फुलोऱ्यात होत्या, त्यांच्यावर अळी पडली. फवारा आजच्या आज पाहिजे, आणि आजच्या आज पाहिजे म्हटलं की गावातले निम्मे चार्जिंगचे पंप नेमके त्याच दिवशी रुसतात. वर्षभर कोपऱ्यात उंदरांच्या ताब्यात दिलेला पंप एकदम पाठीवर घेतला तर तो कसा चालेल? पण हे पंपवाल्याला सांगून उपयोग नसतो. सकाळी आठला राधाकिशनच्या पत्र्याच्या दुकानापुढं अकरा पंप उभे होते.

राधाकिशन खुर्चीवर बसला होता. टेबल त्याचं, खुर्ची त्याची, वर टांगलेला बल्बही त्याचाच. खाली पोत्यावर त्याची सून प्रियदर्शनी बसली होती. डोक्यावर पदर, पुढं उपडं घातलेलं लाकडी खोकं आणि खोक्यावर तिची वेगळी सोल्डरिंगची गन. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीत बसायचं नाही, ही घरातली रीत दुकानातही तशीच चालत आली होती.

माळावरचा सोमेश्वर आला. पाठीवरचा पंप त्यानं उतरवला आणि टेबलाला वळसा घालून थेट खाली, खोक्यापाशी नेऊन ठेवला.

"वहिनी, एवढा आधी बघा. पोरं रानात उभी हायेत."

"आरं हिकडं आन की," राधाकिशन म्हणाला. "हिकडं बी माणूसच बसलाय."

"न्हाई, तुमी बी करताव की काका. पर मागल्या टायमाला तुमचा टाका चार दिसांत सुटला. वहिनीचा सुटत न्हाई."

सोमेश्वर वाईट बोलला नव्हता. होतं ते बोलला होता, आणि म्हणूनच राधाकिशनला ते जास्त लागलं. प्रियदर्शनीनं मान वर न करता पंप ओढून घेतला. मोटरीची लाल तार तुटली होती. तिनं तार सोलली, पेस्ट लावली, गन टेकवली. कथील पाण्यासारखं पसरलं आणि चकाकून जागेवर बसलं. मोजून पाच मिनिटांत सोमेश्वर पंप पाठीवर टाकून निघूनही गेला.

राधाकिशननं आपली गन उचलली. तिच्या तोंडात बसवलेल्या तांब्याच्या कांडीला, म्हणजे बिटीला, टोकाशी खड्डा पडला होता. कथील लावलं की त्याचा गोळा व्हायचा आणि घरंगळून लुंगीवर पडायचा. लुंगीला अशी सात-आठ भोकं होती, आणि मांडीला त्याच्या खाली तेवढेच डाग. त्यानं खणातून कानस काढली, बिट चिमट्यात धरली आणि खसाखसा घासायला लागला. घासली की तांबं लालबुंद दिसायचं, घटकाभर बरं चालायचं, आणि दुपारपर्यंत पुन्हा काळी.

"मामा, तिला कानस नगा लावू," प्रियदर्शनी खालून हळूच म्हणाली.

"म्या चाळीस वर्सं काय गवत उपटलं का?"

तिनं पुढचा पंप ओढून घेतला.

चाळीस वर्षं हे खरं होतं. अंबाजोगाईच्या उस्तादाकडं तो सोळाव्या वर्षी रेडिओ शिकला. त्या काळच्या बिटी अंगठ्याएवढ्या जाड, नुसत्या तांब्याच्या. काळी पडली की घास, झिजली की घास, घासून घासून नखाएवढी झाली की टाक. उस्तादानं पहिल्या दिवशी हातात गन दिली नव्हती, कानस दिली होती. रेडिओ गेले, टीव्ही आले; टीव्ही गेले, मोबाईलचे चार्जर आले. बारा गावांत बोर्डाला हात लावणारा राधाकिशन एकटा होता. लग्नाच्या पंगतीत लोक त्याला बोलावून पुढं बसवायचे.

मग दोन वर्षांपूर्वी शिवशंकरचं लग्न झालं. मुलगा चाकणला कंपनीत, खोली एवढीशी, म्हणून सून गावाकडं राहिली. केजच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स केलेली पोर. घरात बसून काय करायचं म्हणून वनमालानंच, म्हणजे राधाकिशनच्या बायकोनं, तिला दुकानात पाठवलं. पहिले दोन महिने ती तारा सोलून द्यायची. राधाकिशनला ते आवडायचं. सून हाताखाली आहे हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. कधी तिच्या खोक्यापुढं रांग लागली आणि आपल्या टेबलापुढं धूळ, हे त्याला कळलंच नाही.

त्याला हेवा वाटत होता. हा शब्द त्यानं स्वतःशीही कधी काढला नव्हता, पण हेवाच तो. आणि सगळ्यात जास्त हेवा त्याला तिच्या बिटीचा होता. एवढीशी टोकदार बिट, दिवाळीच्या आधी बसवलेली, अजून नव्यासारखी चकचकीत. त्याच्या तेवढ्या काळात सहा गेल्या होत्या.

नवी बिट मिळवणं हाही एक तापच होता. केजच्या दुकानात नव्हत्याच. अंबाजोगाईचा दुकानदार गेला महिनाभर पुढच्या आठवड्यात येतील म्हणत होता. शेवटी आल्या त्या दांड्याला बारीक, गनीत खुळखुळ हलायच्या. राधाकिशननं एकीला चहाच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठोकून बसवली, तर ती तापेचना. शेवटी त्यानं मुलाला फोन केला. शिवशंकरनं पुण्यात शोधून दहा बिटी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवल्या. सोमेश्वर येऊन गेला त्याच दिवशी दुपारी त्या आणायला राधाकिशन केजला गेला.

स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यानं पुडकं सोडलं. आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या. एकीवर पेनानं 'दादा' लिहिलेलं, शिवशंकर बापाला दादाच म्हणायचा; दुसरीवर 'प्रिया'. दोन्हींत पाच-पाच.

राधाकिशन त्या दोन पिशव्यांकडं बघत राहिला. चहा आला, त्यावर साय धरली. वेगळ्या कशाला बांधल्या? सगळ्या सारख्याच असत्या तर एका पिशवीत टाकता आल्या नसत्या? आता त्याला सगळं उलगडलं. पोरगा बायकोला अस्सल माल पाठवतो आणि बापाला डुप्लिकेट. म्हणून तिची दोन महिने टिकते. म्हणून आपला टाका सुटतो. इतके दिवस आपण उगाच आपल्या हाताला बोल लावत होतो. त्याला रागही आला आणि लई बरंही वाटलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं, 'प्रिया'च्या पाच बिटी 'दादा'च्या पिशवीत टाकल्या, 'दादा'च्या तिच्या पिशवीत, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

घरी येऊन त्यानं सुनेची पिशवी तिच्या हातात दिली. तिनं चुलीपुढूनच ती घेऊन दुकानात न्यायच्या डब्यात ठेवली, उघडूनही पाहिली नाही.

पुढचे दोन दिवस राधाकिशन खुशीत होता. नवी बिट पहिल्या दिवशी झकास चालली. नऊ पंप दोघांनी मिळून उरकले, त्यातले चार त्याचे. दुसऱ्या दिवशी टोक जरा काळवंडलं. त्यानं हलकीच कानस मारली, सवयीनं. तिसऱ्या दिवशी खड्डा पडला. खाली प्रियदर्शनीनं तिची जुनी बिट काढून नवी बसवली होती. म्हणजे राधाकिशनची, डुप्लिकेट. ती तीन दिवस झाले तशीच चकचकीत.

आता माणसाला कळायला हरकत नव्हती. पण हेव्यानं धरलेल्या माणसाला एवढ्यात काही कळत नाही. राधाकिशनच्या डोक्यात आलं ते वेगळंच. पोरानं बापालाच चांगल्या पाठवल्या होत्या! आणि आपण आपल्या हातानं त्या सुनेच्या पदरात टाकल्या.

रात्री जेवताना त्यानं भाकरीला नाव ठेवलं. करपली म्हणाला. भाकरी वनमालानं केली होती आणि ती करपलेली नव्हती.

"भाकरीचं काय काढलंव? सुनंवर जळायलात म्हणा की," वनमाला म्हणाली. सून पाणी आणायला बाहेर गेली होती म्हणून ती मोकळी बोलली.

"म्या कावून जळंन?"

"मला काय ठाव. त्या एका टीव्हीचं सोडलं तर तीस वर्सांत म्या तुमच्या हाताला कुणी हासलेलं ऐकलं न्हवतं. आता तुमीच दिसभर पोरीच्या हाताकडं बघत बसताव. सोमेश्वरची आई सांगत व्हती, बायांत बी बोलणं झालंय म्हणं."

राधाकिशननं ताटातच हात धुतला. बायांत बोलणं झालंय, हे त्याला त्या रात्री पुष्कळ वेळ पचलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बजरंग आला. बजरंग म्हणजे चाळीस एकराचा धनी, मागल्या खेपेचा उपसरपंच. त्याच्या विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरचा बोर्ड बंद पडला होता. फोन केला की तीन किलोमीटरवरची मोटर चालू व्हावी, म्हणून ती पेटी असते. नेमका गहू पेरलेला, पहिलं पाणी द्यायचं आणि लाइट कधी येईल त्याचा नेम नाही. बजरंगनं दाराबाहेरूनच चप्पल न काढता बोर्ड पुढं केला.

"पोरगी कुठंय? घरी गेली? बरं, हे तिला दे. सकाळी दहापर्यंत करून ठेव म्हणावं. आणि राधाकिशन, तू नगो हात लावू. किंमती वस्तू हाय."

दुकानात त्या वेळी आणखी दोघं होते. एक तरी हसला. राधाकिशननं बोर्ड टेबलावर ठेवला आणि हो म्हणाला. याच बजरंगचा टीव्ही वीस वर्षांपूर्वी त्याच्या हातून जळाला होता, आणि ते बजरंगनं वर्षभर स्टँडवर सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून बजरंगचं एकही काम आलं नव्हतं. आता आलं ते तिच्यासाठी.

सकाळी उजाडायच्या आत तो उठला. जनावराचं शेण काढतो म्हणाला आणि दुकानात गेला. थंडीनं पत्रा ओला झाला होता. त्यानं बल्ब लावला, चष्म्याची दोरी कानामागं बांधली आणि बोर्ड उघडा केला. खराबी त्याला लगेच सापडली. सिमकार्डाच्या खाचेचा एक पाय सुटला होता. एक टाका. एवढंच काम. दहाला बजरंग आला की म्हणायचं, झालं, म्याच केलं. हे वाक्य त्यानं रात्री पन्नासदा म्हणून पाहिलं होतं.

त्याची बिट तर खड्डा पडलेली, आणि पिशवीतल्या उरलेल्या चार त्याच्या लेखी डुप्लिकेटच. तो खाली वाकला आणि सुनेच्या गनीतला स्क्रू सोडून तिची बिट काढली. टोकावर कथलाचा गोळा तसाच चिकटलेला. टोक पुसायची सुद्धा शिस्त नाही, त्याला वाटलं. हिचं एवढं कौतुक आणि ही सामान असं घाण ठेवते! त्याला ते पाहून खरोखर समाधान झालं. त्यानं कानस घेतली आणि ती बिट चारी अंगांनी घासून लालबुंद केली.

मग ती आपल्या गनीत बसवून तापवली आणि टोक त्या पायावर टेकवलं. तापता तापताच ते काळं पडलं होतं, कथील धरेना. त्यानं आणखी पेस्ट लावली. धूर निघाला, डोळ्यांतून पाणी आलं. गोळा होऊन बाजूला सरकलं. त्यानं दाबलं. मोजू नये इतका वेळ दाबलं. आणि मग बिट उचलली तर तिच्यासोबत बोर्डावरची तांब्याची पट्टीच उचलून आली, केसाएवढी, सोललेल्या सालीसारखी.

राधाकिशन तसाच बसला. बाहेर दूधवाल्याची गाडी गेली. त्याला काही सुचलं नाही, तेव्हा त्यानं बिट परत तिच्या गनीत बसवली, स्क्रू आवळला, बोर्ड तिच्या खोक्यावर ठेवला आणि घरी जाऊन खरोखर शेण काढलं.

साडेआठला प्रियदर्शनी दुकानात आली. आल्या आल्या तिनं बोर्ड हातात घेतला, उजेडाकडं धरला. मग गनीकडं पाहिलं. बिटीच्या घासलेल्या टोकावरून तिनं बोट फिरवलं आणि क्षणभर तिचं बोट तिथंच राहिलं. राधाकिशन एका पंपाच्या बुडाशी डोकं घालून बसला होता. ती आता बोलेल, मग बोलेल, म्हणून त्याची मान अवघडली. तिनं मात्र डबा उघडून दुसरी बिट काढली.

एवढ्यात बजरंगची मोटारसायकल थांबली. दहा वाजायचे होते, पण बजरंगला घड्याळ कधीच लागत नव्हतं.

"झालं का गं पोरी?"

"न्हाई झालं काका." प्रियदर्शनीनं पदर पुढं ओढला. "पट्टी उखडली. गन जास्ती तापली. माझ्या हातनं झालं."

राधाकिशनचं डोकं पंपातून बाहेर आलं.

बजरंगनं दाराची चौकट धरली आणि आत वाकून म्हणाला, "व्हतं बेटा. त्यात काय. रोज धा-धा पंप करायलीस, हात दमतो माणसाचा. व्हील का परत?"

"व्हील. वरून बारीक तार टाकावी लागंल."

"मग टाक की. लेकरू हायेस तू. कुणाच्या हातनं चुकत न्हाई?"

खरं म्हणजे राधाकिशनला हायसं वाटायला पाहिजे होतं. पण त्याला दिसत होता तो वीस वर्षांपूर्वीचा टीव्ही. तेव्हा कुणी त्याला म्हणालं नव्हतं, व्हतं बेटा. तेव्हा कुणी दाराची चौकट धरून वाकलं नव्हतं. हिचं कामही चांगलं, हिची बिटही चांगली, आणि आता हिची चूकसुद्धा चांगली! आणि ती चूक तर हिची नव्हतीच. ती त्याची होती. तेवढी एक वस्तू त्या दुकानात अजून त्याची होती आणि तीही हिनं उचलली.

"तिनं न्हाई!" तो ओरडला. "तिनं न्हाई केलं ते. म्या केलं."

दोघंही त्याच्याकडं बघायला लागले.

"पहाटं येऊन म्या केलं. तिची बिट काढून, कानशीनं घासून. तू नगो म्हणला व्हतास ना? म्हणून केलं."

"मामा," प्रियदर्शनी पुटपुटली.

"तू गप बस. माझं हाय ते माझ्या नावावर राहू दे."

बजरंगनं आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. त्याला हसू येत होतं की राग, त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. "आरं मग पोरगी तुझ्यावर पांघरूण घालायली व्हती. गप बसला असतास तर निभलं असतं. बोललास कावून बे?"

याचं खरं उत्तर राधाकिशनजवळ होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. "न्हाई निभलं," एवढंच तो म्हणाला.

"कुणी बी करा," बजरंग गाडीला किक मारता मारता म्हणाला, "पर दुपारच्या आत करा. गहू वाळायलाय माझा."

गाडी गेली. दुकानात थोडा वेळ नुसता धुराचा वास राहिला. मग प्रियदर्शनीनं जुन्या हेडफोनची वायर चिरून तिच्यातली केसासारखी तार काढली. एका हातात गन, एका हातात तार. बोर्ड धरायला तिसरा हात नव्हता. तिनं बोर्ड गुडघ्यानं दाबून पाहिला, तो सरकला. पुन्हा पाहिला, पुन्हा सरकला.

राधाकिशन खुर्चीवरून उठला आणि खाली पोत्यावर येऊन बसला. इतकी वर्षं त्यानं दुकानाची जमीन एवढ्या जवळून पाहिली नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी बोर्ड धरला.

"हं."

सासरा आपल्याच पोत्यावर येऊन बसल्यावर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती जराशी मागं सरकली, मग काम दिसेना म्हणून परत पुढं आली.

नवी बिट तापायला लागली तशी तिनं लगेच कथील लावलं. टोक काळं पडायच्या आत, पुरतं तापायच्याही आत. कथील गुंडाळलं गेलं. मग ओल्या स्पंजवर एकदा हलकंच पुसलं, चर्र झालं, आणि टोक चांदीसारखं निघालं. इतकं हळू की जणू लेकराचं नाक पुसावं.

"ह्या बिटीला वरून लोखंडाचा पातळ मुलामा असतो मामा," ती बिटीकडंच बघत म्हणाली. "घासला की गेला. मग कथील आतलं तांबं खाऊन टाकतं. दुकान बंद करताना टोकावर कथलाचा गोळा तसाच ठेवायचा, म्हंजी हवा लागत न्हाई."

तो गोळा! राधाकिशनला बसल्या जागी ओशाळल्यासारखं झालं. त्याच गोळ्याला पाहून तो पहाटे खूश झाला होता. आणि त्या दोन पिशव्या, त्या दहा बिटी, सगळ्या एकसारख्या होत्या. पोरानं आपल्या दोघांची नावं घालून वेगळ्या बांधल्या होत्या, त्या भांडण नको म्हणून.

तिनं तारेचं एक टोक लावलं. हात हलला नाही. दुसरं टोक लावलं. कथील पसरलं आणि बसलं. राधाकिशनच्या तोंडापासून तिचा हात वीतभर अंतरावर होता, आणि इतक्या जवळून पाहिल्यावर त्याला काही दुसरं बोलताच आलं नाही.

"पोरी, मला तुझा लई हेवा वाटतो."

ती एकदम थांबली. मग गन स्टँडवर ठेवून म्हणाली, "मला बी तुमचा वाटतो मामा."

"माझा? माझं काय राह्यलंय?"

"पंप चालू केला की तुमी नुसतं ऐकून सांगताव, आत काय अडलंय ते. परवा सोमेश्वरभाऊजींचा दुसरा पंप आलता, मी तासभर उघडून बसले. तुमी रस्त्यावरून येता येता म्हणलात, वाल्व हाय. वाल्वच व्हता. मी घरी जाऊन रडले." तिनं नाक ओढलं. "आयटीआयमधी ते शिकवीत न्हाईत."

तिचा हेवा आपल्याला वाटतो तेवढाच तिला आपला वाटतो, ही गोष्ट राधाकिशननं मनात एकदा इकडून, एकदा तिकडून तपासली. त्याला ती पुरेपूर आवडली. कुणी रडावं एवढं आपल्याजवळ अजून आहे तर.

"ते मातर म्या तुला शिकवायचा न्हाई," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि बोर्ड पुसायला लागली.

बाहेर सहा पंप उभे होते. आभाळ तसंच होतं. राधाकिशन तिथंच पोत्यावर बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं हात लांब करून त्यातला एक पंप ओढला, बटण दाबलं आणि घरघरणारी मोटर तिच्या कानाजवळ नेऊन धरली.